गोठलेले भाडे, धावती जमीन

घराची किंमत महागाईबरोबर वाढते, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. धान्य, कापड आणि इंधन यांचे दर जसे वाढतात तसेच घराचेही वाढत असतील, तर पगार वाढत गेलेल्या कुटुंबाला पन्नास वर्षांपूर्वी जे घर परवडत होते ते आजही परवडायला हवे. मुंबईतील कामगार आणि मध्यमवर्गीय कुटुंबांचा अनुभव मात्र याच्या उलट आहे. लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्यांची मुले डोंबिवली, बदलापूर, विरार अशी एकेक स्थानक पुढे सरकत गेली. आणि त्याच काळात दक्षिण मुंबईतील जुन्या इमारतींत असेही भाडेकरू राहिले, ज्यांचे महिन्याचे भाडे एका दिवसाच्या भाजीच्या खर्चात भागावे. एकाच शहरात आणि एकाच महागाईत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी घडतात, याचा अर्थ असा की महागाई घराच्या खर्चावर सर्वांसाठी सारखी चढत नाही; कोणाचा व्यवहार कोणत्या वर्षी, कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या आकड्यावर ठरला, यावर तिचा भार कोणाच्या डोक्यावर बसणार हे ठरते.

महागाईचे माप आणि त्यातले घर

अनेक दशकांची महागाई मोजण्यासाठी ग्राहक किंमत निर्देशांक वापरतात. कुटुंबाच्या नेहमीच्या खर्चातील वस्तू आणि सेवांची एक ठरावीक टोपली घेऊन तिची किंमत एखाद्या पायाभूत वर्षी १०० मानायची आणि पुढे ती किती झाली हे दरमहा पाहायचे, असे त्याचे साधे स्वरूप आहे. औद्योगिक कामगारांसाठीच्या निर्देशांकाची पायाभूत वर्षे १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ अशी बदलत गेली. जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडण्यासाठी जे जोडगुणक ठरवले गेले ते अनुक्रमे ४.९३, ४.६३ आणि २.८८ असे आहेत. या तिन्हींचा गुणाकार सुमारे ६५.७ येतो, म्हणजे १९६० साली जी टोपली १०० रुपयांत भरत होती, तिला २०१६ साली सुमारे ६,५७० रुपये लागू लागले. हा वेग वर्षाला सरासरी पावणेआठ टक्क्यांच्या आसपास पडतो आणि या वेगाने किंमती साधारण सव्वानऊ वर्षांत दुप्पट होतात. एका वर्षात फारशी न जाणवणारी वाढ एका पिढीच्या आयुष्यात किती प्रचंड होते, हे या हिशोबातून कळते.

या टोपलीत घर कसे मोजले जाते, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण तेथे सामान्य वाचकाची समजूत हमखास चुकते. निर्देशांकात घराची खरेदी किंमत धरली जात नाही, फक्त भाडे धरले जाते. घर विकत घेणे ही गुंतवणूक आहे आणि घरात राहणे हा उपभोग आहे, असा भेद अर्थशास्त्र करते. आणि निर्देशांक उपभोगाचा असल्यामुळे निवाऱ्याची महिन्याची किंमत, म्हणजे भाडे, तेवढे त्यात येते. सर्वसाधारण ग्राहकांसाठीच्या वेगळ्या निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत शहरी कुटुंबाच्या टोपलीत घरभाड्याला २१.६७ टक्के वजन होते. कामगारांच्या निर्देशांकात भाड्याची पाहणी सहा सहा महिन्यांनी होते आणि तिचा परिणाम जानेवारी व जुलै या दोनच महिन्यांत उमटतो. त्यामुळे फ्लॅटचे दर दोन वर्षांत दीडपट झाले, तरी वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या महागाईच्या टक्केवारीत ते थेट दिसत नाही. महागाईचा आकडा आटोक्यात असताना तरुण कुटुंबाला घर मात्र दूर दूर जाताना दिसते, या विसंगतीचे एक कारण मोजमापाच्या या रीतीत आहे.

भिंती एका वाटेने, जमीन दुसऱ्या

घर ही व्यवहारात एकच वस्तू असली, तरी किंमतीच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या वस्तूंचे मिश्रण असते. पहिली वस्तू म्हणजे बांधकाम. सिमेंट, लोखंड, रेती आणि गवंडी-सुतारांची मजुरी यांचे दर सर्वसाधारण महागाईच्या आगेमागे चालतात, त्यामुळे बांधकामाचा खर्चही दीर्घकाळात तिच्याच आसपास राहतो. शिवाय बांधलेली इमारत दरवर्षी थोडी थोडी झिजत जाते. दुसरी वस्तू म्हणजे जमीन. ती कारखान्यात तयार होत नाही, मागणी वाढली म्हणून तिचा साठा वाढत नाही, आणि तिच्यावर किती बांधता येईल हे निसर्गापेक्षाही नियम ठरवतात. शहर वाढते तसा घराच्या किंमतीतील जमिनीचा वाटा वाढत जातो. म्हणून गावातले घर आणि दादरचे घर यांच्या भिंतींच्या खर्चात फरक थोडाच असतो, किंमतीत मात्र जमीन-अस्मानाचा असतो.

मुंबईत जमिनीची टंचाई अंशतः भूगोलाने आणि अंशतः कायद्याने निर्माण झाली. तीन बाजूंनी समुद्र आणि उत्तरेला राष्ट्रीय उद्यान यांच्यामध्ये शहर वसलेले आहे. त्यावर चटईक्षेत्र निर्देशांकाची, म्हणजेच बोलीभाषेतल्या एफएसआयची, मर्यादा आली. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे ठरवणारा हा आकडा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार मूळ शहर भागात १.३३ आणि उपनगरांत १ इतका होता. जगातील दाट वस्तीची शहरे जमीन अपुरी पडली की उंचीने वाढतात. मुंबईत तीच वाढ अनेक दशके नियमाने रोखून धरली गेली. याशिवाय १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन बाळगण्यास बंदी घातली. मूठभरांच्या हातात अडकलेली जमीन गरिबांच्या घरांसाठी मोकळी व्हावी, हा त्यामागचा हेतू चांगला होता. परंतु सूट, अपील आणि खटले यांच्या जंजाळात बरीचशी जमीन कोणाच्याच उपयोगी न पडता अडकून राहिली. केंद्राने हा कायदा १९९९ साली रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ च्या अखेरीस.

जमीन महागाईपेक्षा वेगाने धावते, हे दीर्घकाळासाठी खरे असले, तरी ती दरवर्षी धावतेच असे नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईतील दर शिगेला पोहोचले आणि त्यानंतर काही वर्षे, बाजारातील इतर सर्व वस्तू महाग होत असताना, घरांचे दर रुपयांतही उतरले. २०२०-२१ मध्ये देशातील किरकोळ महागाई सरासरी ६.२ टक्के असताना रिझर्व्ह बँकेचा घरदर निर्देशांक तिच्या निम्म्यानेही वाढला नाही. तेव्हा महागाईपासून बचाव म्हणून घर घेणाऱ्या कुटुंबाने हे ध्यानात ठेवायला हवे की हा बचाव दोन-तीन दशकांच्या मुदतीत बहुधा मिळतो, पाच वर्षांच्या मुदतीत त्याची हमी नसते.

१९४० साली थांबलेले घड्याळ

महागाई वाहत असताना एखादा आकडा कायद्याने जागच्या जागी बांधला तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या भाडेनियंत्रणात सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरात माणसांचा लोंढा आला, बांधकामसाहित्य दुर्मिळ झाले आणि भाडी भडकू लागली. फाळणीनंतर निर्वासितांचे लोट आले. अशा वेळी १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे ही संकल्पना घट्ट केली. एखादी जागा १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या भाड्याने दिलेली होती ते तिचे प्रमाण भाडे, आणि त्यानंतर प्रथमच भाड्याने दिली असेल तर तेव्हाचे पहिले भाडे हे प्रमाण भाडे, असे ठरले. त्यापेक्षा जास्त घेणे बेकायदा झाले आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही, असे संरक्षण मिळाले. गिरणगावातील लाखो कुटुंबे या संरक्षणामुळे शहरात टिकली, त्यांची मुले शहरात शिकली आणि मराठी कामगारवर्गाचे सांस्कृतिक जीवन याच चाळींच्या गॅलऱ्यांत फुलले. हे श्रेय या कायद्याचे आहे आणि ते कोणी नाकारू नये.

दोष संरक्षणात नव्हता, थांबलेल्या आकड्यात होता. अल्पकाळासाठी केलेल्या या कायद्याला पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत गेली आणि भाडे मात्र जवळपास तेथेच राहिले. कर, रंगरंगोटी, तुळया आणि जिन्याची दुरुस्ती यांचा खर्च महागाईबरोबर वाढत गेला, त्यामुळे भाड्यातून दुरुस्ती करणे मालकाला पहिल्या दोन दशकांतच अशक्य झाले. इमारती खचू लागल्या, तेव्हा १९६९ साली राज्याने दुरुस्ती मंडळ स्थापले आणि दुरुस्तीसाठी उपकर बसवला. सुमारे १९ हजार ६०० इमारती या उपकरप्राप्त वर्गात आल्या. महापालिकेचा मालमत्ता करही भाड्यावर आधारलेल्या मूल्यावरून ठरत असल्याने जुन्या इमारतींपुरते तिचे उत्पन्नही गोठले. भांडवली मूल्यावर आधारित करपद्धती २०१० साली लागू होईपर्यंत ही स्थिती कायम होती.

कायद्यातले भाडे आणि बाजारातले भाडे यांच्यातली दरी जेवढी रुंदावली, तेवढी पागडीची रक्कम मोठी झाली. पागडी म्हणजे भाडेकरूचा हक्क दुसऱ्याला देताना हातावर घेतली जाणारी एकरकमी रक्कम, जिच्यातला ठरावीक वाटा मालकाला जातो. १९४७ च्या कायद्याने ती गुन्हा ठरवली होती, तरी ती थांबली नाही. जे मासिक भाड्यातून घेता येत नव्हते ते रोख स्वरूपात घेतले जाऊ लागले, आणि खिशात एकरकमी पैसा नसलेल्या नवख्या माणसाला भाड्याचे घर मिळणे बंद झाले. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला परवानगीने राहणाऱ्यांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. त्याचा धसका घेऊन अनेक मालकांनी जागा कुलूप लावून ठेवणे पसंत केले, आणि ज्यांनी दिल्या त्यांनी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार व जबर अनामत यांचा आश्रय घेतला. अशा रीतीने आत असलेल्यांचे संरक्षण जसजसे मजबूत झाले, तसतसा बाहेरच्यांसाठी दरवाजा अरुंद होत गेला.

अखेर १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात असा निर्णय दिला की प्रमाण भाड्याची तरतूद केली तेव्हा ती वाजवी असली, तरी काळाच्या ओघात ती अवाजवी झाली आहे. कायद्याचा एकही शब्द बदललेला नसताना केवळ चलनाचे मोल उतरल्यामुळे तो अन्यायकारक ठरू शकतो, हे तत्त्व या निकालाने स्पष्टपणे मांडले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली आणि जुन्या भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्यास परवानगी दिली. घड्याळ पुन्हा चालू झाले खरे, परंतु ते महागाईपेक्षा मंद चालले. २००१ ते २०१६ या पंधरा वर्षांत ४ टक्क्यांच्या वाढीने २० रुपयांचे भाडे ३६ रुपये होते, तर त्याच काळात निर्देशांक २.८८ पट झाल्यामुळे नुसते महागाईला धरून राहण्यासाठी ते ५७ रुपयांच्या पुढे जायला हवे होते.

गोठवलेल्या भाड्यामुळे खर्च नाहीसा झाला, असे मानणे ही यातली सर्वांत मोठी चूक ठरेल. दुरुस्तीचा जो खर्च भाड्यातून निघाला नाही, तो इमारतीच्या पडझडीत साठत गेला. पडझड पराकोटीला गेली तेव्हा पुनर्विकास हा एकच मार्ग उरला, आणि पुनर्विकासात मूळ भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मोफत द्यायचे असल्यामुळे विकासकाला जादा एफएसआय देऊन विक्रीची घरे बांधू दिली गेली. म्हणजे मोफत घराची किंमत शेवटी विक्रीचे घर घेणाऱ्या नव्या कुटुंबाने भरली. एका पिढीने न भरलेले भाडे अशा रीतीने पुढच्या पिढीच्या कर्जात येऊन बसले, आणि मधल्या काळात कोसळलेल्या इमारतींखाली ज्यांचे प्राण गेले त्यांची भरपाई तर कोणत्याच हिशोबात मावत नाही.

हप्त्याचे गणित

भाडेकरूच्या बाबतीत जे काम कायद्याने केले, तेच काम कर्जदाराच्या बाबतीत करार करतो. १९७७ साली एच. टी. पारेख यांच्या पुढाकाराने एचडीएफसी स्थापन होण्यापूर्वी भारतातील सर्वसामान्य नोकरदाराला घरासाठी संस्थात्मक कर्ज मिळणे दुर्मिळ होते. प्रॉव्हिडंट फंड, सोने आणि आयुष्यभराची बचत एकत्र करून निवृत्तीच्या सुमारास घर होत असे. कर्जाने घर तिशी-चाळिशीत आणले आणि महागाईशी असलेले कुटुंबाचे नातेही बदलले. वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता, व्याजदर स्थिर असेल तर, रुपयांत तोच राहतो. पगार मात्र वर्षाला ७ टक्क्यांनी वाढला तर वीस वर्षांत ३.८७ पट होतो. पहिल्या महिन्यात पगाराच्या ४० टक्के खाणारा हप्ता अखेरीस १० टक्क्यांवर येतो. महागाई कर्जदाराचे ओझे असे हळूहळू हलके करत जाते.

मात्र कर्ज देणारी संस्थाही हे जाणून असते, म्हणून ती अपेक्षित महागाई आधीच व्याजदरात मिसळते. चलनातील व्याजदर आणि महागाई वजा जाता उरणारा खरा व्याजदर यांतला फरक तो हाच. महागाई जास्त असेल तर व्याजदर चढा राहतो आणि कर्जाचा सगळा भार पहिल्या काही वर्षांत एकवटतो, म्हणजे नेमका त्या काळात, जेव्हा कुटुंबाचा पगार सर्वांत कमी आणि मुले सर्वांत लहान असतात. महागाई चढी असते तेव्हा घराच्या उंबरठ्याशीच कुटुंब अडते, ते यामुळे.

व्याज उतरले की हा उंबरठा खाली यायला हवा, पण तेथे जमीन आडवी येते. महिना ४० हजार रुपये हप्ता भरू शकणाऱ्या कुटुंबाला १६ टक्के दराने वीस वर्षांसाठी सुमारे पावणेएकोणतीस लाखांचे कर्ज झेपते, तर ८ टक्के दराने तेच कुटुंब जवळपास ४८ लाख उचलू शकते. १९९० च्या दशकातील चढे दर पुढच्या दशकाच्या सुरुवातीला असेच निम्म्याच्या जवळ आले. घरांचा पुरवठा लवचीक असता, तर या वाढीव ऐपतीतून अधिक घरे बांधली गेली असती. पुरवठा आखडलेला असल्यामुळे तिचा मोठा भाग त्याच घरांच्या वाढलेल्या किंमतीत जिरला. स्वस्त कर्जाचा लाभ मग आधीच जमीन किंवा घर असलेल्याला झाला आणि नव्या खरेदीदाराच्या वाट्याला कमी व्याजाचे, पण मोठे कर्ज आले.

नजरेआड गेलेले आकडे

भाडेनियंत्रणाची चूक इतिहासजमा झाली असे वाटत असले, तरी तिचे लहान लहान अवतार आजही कायद्यांत आणि उपविधींत आहेत. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजासाठी प्राप्तिकरातून मिळणारी वजावट २०१४ साली २ लाख रुपये ठरली आणि त्यानंतर अनेक वर्षे तेथेच राहिली. वस्तू आणि सेवा कराच्या सवलतीसाठी परवडणाऱ्या घराची व्याख्या २०१९ साली ४५ लाख रुपयांपर्यंतचे घर अशी झाली. पुढे किंमती वाढल्या, मर्यादा वाढली नाही, आणि महानगरांत या व्याख्येत बसणारी घरे विरळ होत गेली. सरकारने सवलत काढून घेतल्याची घोषणा कधीच केली नाही. ते काम महागाईने गाजावाजा न करता केले.

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांतही हेच घडते. आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठीचा राखीव निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के दराने जमवायचा असतो. हा बांधकाम खर्च इमारत उभी राहिली त्या वर्षीचा धरला जातो. १९८२ साली बांधलेल्या इमारतीची सोसायटी किमान दरावरच थांबली, तर तिचा निधी १९८२ च्या रुपयांच्या प्रमाणात जमत राहतो आणि स्लॅब दुरुस्तीचे अंदाजपत्रक मात्र आजच्या रुपयांत येते. मग सभासदांवर अचानक लाखांची वर्गणी पडते, आणि पेन्शनवर जगणारे वृद्ध सभासद तेव्हा सर्वाधिक हवालदिल होतात. चाळीच्या मालकाची जी अडचण झाली तीच येथे स्वतः मालक असलेल्या सभासदांची होते, कारण दोन्हीकडे हिशोबातले वर्ष बदललेले नसते.

या साऱ्याचा निष्कर्ष असा की महागाई ही घराच्या खर्चातली केवळ एक वाढ नसून ती जुन्या आणि नव्या पिढीतली वाटणी आहे. ज्याचा आकडा आधी ठरला तो तिच्यातून तरतो, ज्याचा नंतर ठरायचा आहे तो दोघांचा भार उचलतो. भाडेकरूला संरक्षण, कर्जदाराला सवलत आणि इमारतीला दुरुस्ती या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत, पण त्या रुपयांच्या स्थिर आकड्यात लिहिल्या की काही वर्षांतच त्यांचा अर्थ उलटतो. भाडे निर्देशांकाशी जोडून त्यातील वाढ न पेलणाऱ्या गरीब भाडेकरूला सरकारने थेट साहाय्य देणे, करसवलतीची मर्यादा ठरावीक मुदतीने आपोआप सुधारली जाईल अशी तरतूद मूळ कायद्यातच करणे, सोसायटीने राखीव निधी दर पाच वर्षांनी चालू बांधकाम दरावर पुन्हा आखणे आणि शहरात भाड्याच्या घरांचा व जमिनीचा पुरवठा वाढवणे, हे उपाय एकमेकांना पूरक आहेत. यांपैकी पहिले तीन करायला समुद्र हटवावा लागत नाही की जमीन निर्माण करावी लागत नाही. आज लिहिलेला रुपया वीस वर्षांनी तोच नसेल, एवढे मान्य करून नियम लिहिला तरी पुरेसे आहे. १९४७ च्या कायद्याने भाड्याशेजारी १९४० हे वर्ष लिहिले आणि पन्नास वर्षे ते पुसले नाही. त्या एका वर्षाची किंमत बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणारी पिढी अजून फेडते आहे.